नारळी पौर्णिमेपर्यंत

माणसाच्या धैर्याची खरी परीक्षा मृत्यूच्या दाराशी होते, असे मी मुलींना पुष्कळ वर्षे शिकवत आले. धड्यातच तसे होते आणि त्याच्यावर चार गुणांचा प्रश्न हमखास येई. पुढे माझ्या शेजारची नरसव्वा त्या दारापर्यंत जाऊन परत आली. तिथे काय पाहिलेस असे विचारले तर तिला सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. "तितं काय, निजवून ठेवलं होतं," एवढेच ती म्हणे. तिची खरी परीक्षा झाली ती परत आल्यावर, आमच्या चार घरांत मिळून एक असलेल्या संडासाच्या दाराशी, जिथे सकाळी सहा माणसे टमरेल घेऊन उभी असत. धड्यात हे नव्हते.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून पाच-एक वर्षे झाली होती. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि भवानी पेठेत एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. खोलीची एक भिंत नरसव्वाच्या घराशी सामाईक होती. त्या भिंतीपलीकडे तिचा माग होता. माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारा जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी फळ्या दाबतो आणि हातांनी धोटा इकडून तिकडे फेकतो. सकाळी सहापासून तो आवाज सुरू होई. माझे वाचन, वह्या तपासणे, स्वयंपाक, सगळे त्या ठेक्यावर चाले. रविवारी माग बंद राहिला की मला भाकरी थापताना चुकल्यासारखे होई.

त्यांच्या तेलुगू विणकर समाजात बायकांनी धोट्यासाठी दोऱ्याच्या कांड्या भरायच्या, उभ्या दोऱ्यांचा ताणा करायचा, सुताला पेजेची खळ द्यायची आणि खड्ड्यात पुरुषाने बसायचे, अशी वाटणी होती. नरसव्वाचा नवरा वारला तेव्हा मागावर अर्धे लुगडे होते. दिवस झाल्यावर ती सरळ खड्ड्यात उतरली आणि तिने ते पुरे केले. धाकट्या दिराने, व्यंकय्याने, पुष्कळ आकांडतांडव केले. ती म्हणाली, "अर्धं लुगडं कुणी नेसतं का?" ते पुरे झाल्यावर तिने पुढचे लावले. अशी बारा वर्षे गेली.

कांड्या भरण्याविषयी तिचे मत ठाम होते. "कांड्या भरत बसलं की दुसऱ्याच्या हाताखाली. खड्ड्यात बसलं की कुणाच्याच हाताखाली न्हाय." खड्ड्यात बसलेला माणूस घरातल्या रांगत्या पोरापेक्षाही खाली असतो, हे मी तिला एकदा म्हटले. तिने माझ्याकडे खालूनच असे पाहिले की मी पुन्हा म्हटले नाही.

ती बुटकी, काळीसावळी, रुंद हाडाची. कोणी भेटायला आले की ती आधी त्याच्या कपड्याची कड दोन बोटांत धरून चोळी, मनात निकाल देई आणि मग तब्येत विचारी. माणसांनाही ती तेच माप लावी. व्यंकय्याच्या भाषणाबद्दल ती म्हणे, "ताणा लई लांब. आडवा बाणाच न्हाय."

व्यंकय्याबद्दल सांगायला हवे. तो विणकरांच्या एका छोट्या संघाचा अध्यक्ष होता. संघाचे सभासद किती हे कोणाला नक्की ठाऊक नव्हते, पण संघाला एक शिक्का होता, एक पाटी होती आणि अध्यक्षांसाठी हात असलेली, पाठीवर कोरीव काम केलेली एक खुर्ची होती. कचेरी मात्र नव्हती. त्यामुळे खुर्ची आणि पाटी नरसव्वाच्या पुढच्या खोलीत, मागाशेजारी, भिंतीला टेकून उभ्या असत. माग नसता तर तिथे टेबल मावले असते, हा विचार व्यंकय्याच्या मनात केव्हापासून होता ते सांगता येणार नाही. खुर्ची आणली तेव्हापासून असावा.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर नरसव्वाला अंगावर लाल जाऊ लागले. पाळी जवळजवळ थांबत आली होती, म्हणून तिने तीन महिने कोणाला सांगितले नाही. मला सांगितले, कारण तिच्या मते इंग्रजी शिकलेल्या बाईला लाज कमी असते. मी तिला मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई उंच, घाईच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी तपासले, हात धुतले आणि सांगितले की पिशवीच्या तोंडाशी कर्करोग आहे, चाकूचे काम नाही, मुंबईला जाऊन रेडियम आणि वरून किरणांचे शेक घ्यावे लागतील, आणि लगेच घ्यावे लागतील.

नरसव्वाने त्यांच्या पांढऱ्या कोटाची बाही बोटांत धरून चोळली. मग विचारले, "त्यानंतर खड्ड्यात बसता येईल का?"

"अगं बाई, आधी जगायचं बघ."

"ते बघणार तुमीच. माझं मी इचारते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. मला त्या बाई तेव्हापासून आवडू लागल्या.

पौषात ती मुंबईला गेली. तिथे तिची मावसबहीण गिरणीच्या चाळीतल्या खोलीत राहत होती. फाल्गुनात ती परत आली ती निम्मी होऊन. रेडियम म्हणजे काय ते पेठेत कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे सगळ्यांना सगळे ठाऊक होते. सूर्याचा तुकडा नळीत घालून पोटात ठेवतात, असे एकजण म्हणाली. बायका संध्याकाळी दिवेलागणीला नरसव्वाकडे डोकावू लागल्या. ती चमकते का ते त्यांना बघायचे होते.

"चमकले असते तर रॉकेल वाचलं असतं की," नरसव्वा अंथरुणातून म्हणाली. "जावा घरी. तुमच्या भाकऱ्या करपतील."

आठ दिवसांनी व्यंकय्या आला. तो समोर बसला, घसा साफ केला आणि वहिनीला त्यांच्या तेलुगूप्रमाणे 'वदिना' अशी हाक मारून, पण माझ्यासमोर म्हणून मराठीत, बोलू लागला. "वदिना, आपल्या समाजाचा एक प्राचीन रिवाज आहे. ज्या घरात माग सहा-सात महिने बंद राहतो, तिथं उघडा खड्डा ठेवणं अशुभ मानलं आहे. तो बुजवावा लागतो."

हा प्राचीन रिवाज मी सोलापुरात व्यंकय्याखेरीज कोणाच्या तोंडून ऐकला नाही. मी चौकशीही केली.

"कदी बुजवतोस?" नरसव्वाने विचारले.

त्याला वाद अपेक्षित होता. तो जरा गडबडला. "घाई नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबू. आपल्या देवाचा रथ निघायचा दिवस. त्याच्या आत या मागावरून पूर्ण नऊ वारांचं लुगडं उतरलं, तर माग चालू आहे असं समाज मानील. नाहीतर..." त्याने खुर्चीकडे नजर टाकली. "संघालाही जागेची अडचण आहेच. तुम्ही मागच्या खोलीत कांड्या भरा, तुम्हांला काही कमी पडणार नाही."

"नारळी पौर्णिमा," नरसव्वा म्हणाली. "बरं."

तो गेल्यावर तिने उठायचा प्रयत्न केला आणि दारापर्यंत पोचायच्या आत तिचे लुगडे खराब झाले. तेव्हा मला प्रथम कळले की काय काय पुढे वाढून ठेवले आहे.

दिवसातून दहादहा वेळा संडासला, कधी रक्तासह. लघवीला आग. अंगात एकाएकी वाफ उसळायची, मानेपासून टाळूपर्यंत घाम, आणि मिनिटाभरात पुन्हा गार. मे महिन्यात सोलापुरात घाम येणे ही बातमी नव्हे, पण ती दोन्ही घाम वेगळे ओळखून सांगे. पंचा ओला करून मानेवर टाकता टाकता म्हणे, "हे ऊन सोलापूरचं न्हाय, बाई. हे मुंबईचं."

संडासाचा बंदोबस्त तिने पहिल्या आठवड्यातच केला. एक लाल पंचा घेतला आणि चारही घरांच्या बायकांना एकत्र बोलावून सांगितले, "हा माझ्या खांद्यावर दिसला की वाट सोडायची. इचारायचं न्हाय, बोलायचं न्हाय, टमरेल बाजूला." बायकांनी मानले. पुरुषांना कोणी काही सांगितले नव्हते, पण तेही सोडू लागले. कलेक्टरसाहेबांची मोटार आली तरी आमच्या बोळात इतक्या झटकन वाट होत नसे.

मुंबईहून तिने एक छापील इंग्रजी कागद आणला होता. तो मला वाचायला दिला. मी मुलींना आरोग्यशास्त्र शिकवत असे, आणि त्या आरोग्यशास्त्रात मनुष्याला हृदय, फुप्फुसे आणि दात एवढेच अवयव होते. कागदात आतून रोज धुण्याविषयी लिहिले होते. न धुतल्यास वाट आक्रसते, चिकटते, मग डॉक्टरला तपासताही येत नाही, आणि रोग परत आला तर कळत नाही. मी दुसऱ्या ओळीवर अडखळले आणि पाणी प्यायले.

"बाई," नरसव्वा म्हणाली, "लाजायचं तर मी लाजायला पायजे. तुमी वाचा."

मी वाचले. औषधाची पूड कोमट पाण्यात टाकून पाणी फिकट गुलाबी होईपर्यंत ढवळावे, असे होते.

"कसला गुलाबी?"

"फिकट."

"फिकट म्हंजे? राणी रंग फिकट केला की एक व्हतो, डाळिंबी फिकट केला की दुसरा. कांद्याच्या पातीच्या बुडासारखा तिसरा. कसला?"

मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने रंगाऱ्याकडून आणलेल्या दोऱ्यांचे अकरा तुकडे एका काडीला ओळीने बांधून माझ्याकडे दिले. सगळे गुलाबी. मी ते शाळा सुटल्यावर मिशनच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग खिडकीशी गेल्या, पेल्यात पूड टाकली, काडी उजेडात धरली आणि बराच वेळ बघून चौथा दोरा निवडला. "पाचव्याने आग होईल," त्या म्हणाल्या, "आणि तिसऱ्याचा उपयोग नाही. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं."

चौथा दोरा नरसव्वाने न्हाणीच्या खिळ्याला बांधून ठेवला. रोज पाणी त्याच्याशी ताडून मगच वापरी.

लिहिता तिला येत नव्हते, पण दोरा होता. अंथरुणाशेजारच्या भिंतीवर तिने एक लांब सुतळी टांगली आणि तिच्यावर रोज संध्याकाळी दोरे बांधू लागली. जितक्या वेळा जावे लागले तितक्या लाल गाठी. शेजारी त्या दिवशी काय खाल्ले त्याचा दोरा: ज्वारीचा पिवळट, भाताचा पांढरा, डाळीचा हळदी, दुधाला निळा, कारण पांढरा वापरून झाला होता. मला ते पोरखेळ वाटले. दीड महिन्यानंतर तिने मला बोलावले.

"बगा. काय दिसतं?"

मला एक रंगीत सुतळी दिसली.

"निळा आला की त्याच्या म्होरं लाल दाट. निळा न्हाय तितं लाल पातळ. दूध मला सोसत न्हाय."

पेठेतल्या प्रत्येक घराने तिला शक्ती यावी म्हणून दूध पाजण्याचा विडा उचलला होता. व्यंकय्याने तर संघातर्फे रोज शेरभर दुधाचा ठराव केला होता आणि ठरावाप्रमाणे दूध येतही होते. त्याच्या आयुष्यात अमलात आलेला तो एकच ठराव असावा. डॉक्टरीणबाईंनीही दूधच घ्यायला सांगितले होते. नरसव्वाने सगळ्यांचे दूध बंद केले. तांदळाची पेज, वरून डाळिंबाच्या सालीचा काढा, मऊ भात, आणि कालांतराने पातळ ताक, एवढ्यावर ती राहिली. लाल गाठी दहावरून चारांवर आल्या. चारांखाली त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. "चारांचं जमतं," ती म्हणाली. "चार वेळा तर सरकारी कारकूनबी उठतो."

व्यंकय्याला ठराव मागे घ्यावा लागेल याचे दुःख झाले. त्याने दूध स्वतः पिऊन ठराव चालू ठेवला.

चैत्र गेला, वैशाख गेला. आता खड्ड्यात उतरायचे, असे तिने ठरवले त्याच आठवड्यात उजवा पाय सुजायला लागला. मांडीपासून घोट्यापर्यंत, बोट दाबले की खळगा राहावा असा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शेकांमुळे आतले पाणी वाहायच्या वाटा बंद पडल्या आहेत. पाय उंच ठेवायचा, लोंबता ठेवायचा नाही, कातडीला ओरखडा येऊ द्यायचा नाही आणि दिवसा पट्टी गुंडाळून ठेवायची. पट्टी त्यांनी दिली, विलायती, ओढली की लांबणारी.

"खड्ड्यात पाय लोंबतो," मी नरसव्वाला हळूच म्हटले.

"लोंबत न्हाय. चालतो. फळ्या काय वारा दाबतो व्हय?"

हे मी डॉक्टरीणबाईंना जसेच्या तसे सांगितले. त्या विचार करून म्हणाल्या, की पट्टी घट्ट असेल आणि मध्ये मध्ये निजून पाय वर करत असेल तर चालण्याने नुकसान नाही, झाला तर फायदाच. पाय वर करायला उंच काहीतरी हवे होते. मागाच्या लाकडाला पाय लावणे विणकराला शक्य नव्हते. रोज तो त्याला हात जोडतो. घरात दुसरी उंच वस्तू एकच होती. तेव्हापासून नरसव्वा जमिनीवर निजे आणि तिचा सुजलेला पाय संघाच्या अध्यक्षांच्या खुर्चीवर असे.

विलायती पट्टी दहा दिवसांतच धुऊन धुऊन विरली. दुसरी यायला महिना लागणार होता. नरसव्वाने ती दोन बोटांत चोळली.

"हे कापड हाय? फणीच मारली न्हाय नीट. असलं ढिलं आमच्यातलं लेकरूबी विणत न्हाय. मी विणते."

ताण्याचे एक टोक तिने खांबाला बांधले, दुसरे स्वतःच्या कमरेला, आणि जमिनीवर बसून चार बोटे रुंदीची पट्टी विणली. सोलापुरात तशी पट्टी कोणी पाहिली नसेल. उत्तम सूत, उत्तम खळ, दाट वीण, दोन्ही कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. वर हौसेने एक बारीक लाल किनारसुद्धा. व्यंकय्याने ती हातात घेऊन 'स्वदेशी' हा शब्द तीनदा उच्चारला. मलाही ती फार आवडली. आम्ही सगळ्यांनी मिळून ती तिच्या पायावर आवळली.

उत्तम कापड लांबत नाही. संध्याकाळपर्यंत पायावर निळे वळ उठले आणि त्या सुंदर सरळ कडेने कातडी कापली. दुसऱ्या दिवशी पाय लालभडक, थंडी वाजून ताप. डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या, तो पाय पाहिला, ती पट्टी पाहिली, आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या ते मी भाषांतरित केले नाही. चौदा दिवस नरसव्वा अंथरुणात होती. ज्येष्ठ संपत आला. पुढच्या खोलीत व्यंकय्या टेपने मोजमाप करताना मला दिसला. टेबलाचे असावे.

त्या चौदा दिवसांत ती एकदाच रडली, आणि तीही तापाने नव्हे. "आजवर वाईट कापड विणलं न्हाय, बाई," ती म्हणाली. "आता वाईट विणायचं कसं ते शिकू का?"

"डॉक्टरीणबाईंची पट्टी येईलच की."

"कदी? रथ गेल्यावर?"

तिने विलायती पट्टीचा उरलेला तुकडा मागवला आणि दोरा दोरा उसवून पाहिला. सुताला पीळ जास्त होता. इतका, की सोडले की दोरा स्वतःभोवती वळून गुरगुटे. असले सूत विणकराच्या घरात आले तर ते शिव्या देऊन बाजूला टाकतात. नरसव्वाच्या माळ्यावर बारा वर्षांच्या शिव्यांचे एक गाठोडे होते. ते खाली काढले. खळ नाही, दाब नाही, आडवा दोरा ठोकायची फणी जेमतेम टेकवायची. पहिली पट्टी तिच्या हातून सवयीने दाटच आली. दुसरी अर्धी ढिली, अर्धी दाट. तिचा हात चांगले काम करायचे सोडीना. तिसरीच्या वेळी तिने दार लोटून घेतले आणि दाराकडे पाठ करून बसली, कोणा विणकराने पाहू नये म्हणून. ती पट्टी पाण्यातून काढल्यावर निम्मी झाली आणि ओढल्यावर पुन्हा दुप्पट. सगळीकडून वेडीवाकडी, कडा लाटेसारख्या.

पायावर ती अगदी नेमकी बसली.

"हे मी विणलंय म्हणून कुणाला बोलू नका," नरसव्वा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ती ओढली, सोडली, पुन्हा ओढली. लहान मूल खेळते तशा त्या खेळत होत्या. मग त्यांनी दवाखान्यातल्या रोग्यांसाठी आणखी सहा मागितल्या. नरसव्वाने विणून दिल्या, एका अटीवर: कोठून आल्या ते सांगायचे नाही. डॉक्टरीणबाईंनी वचन पाळले. त्या पट्ट्या विलायतेहून येतात, असा दवाखान्यात समज होता.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात ती खड्ड्यात उतरली. भिंतीपलीकडून मला ऐकू आले. आधी काही वेळ नुसते फळ्यांचे करकरणे, मग धोटा, मग थांबणे. पूर्वीचा ठेका तो नव्हता. वीतभर विणायचे आणि उठायचे, असा तिचा नवा नियम होता. माग थांबे, मागचे दार वाजे, काही वेळाने पुन्हा वाजे, खुर्ची सरके, शांतता. मग पुन्हा फळ्या. तिच्या पोटाची खबर मला तिच्या आधी लागू लागली. काही दिवशी तीन विती होत. काही दिवशी अर्धी. एकदा सबंध दिवस काही झाले नाही आणि मी न राहवून पाहायला गेले. ती खड्ड्यातच बसली होती, हातात धोटा, डोके मागाच्या दांडीला टेकलेले. मुंबईचे ऊन चढले होते.

"नरसव्वा, आज पुरे."

"उतरले न्हाय का इतं? उतरायलाच अर्धा तास गेला. आता वर कशाला येऊ?"

आणखी चार बोटे विणून मगच ती वर आली.

श्रावण लागला तसे व्यंकय्याला कळून चुकले की लुगडे होणार. हरण्याची वेळ आली की दुसऱ्याच्या विजयाचा समारंभ स्वतः योजायचा, ही पुढारीपणाची खूण त्याच्यात पुरेपूर होती. त्याने जाहीर केले की संघाच्या प्रोत्साहनाने एका आजारी भगिनीने माग जिवंत ठेवला असून नारळी पौर्णिमेला, रथ निघण्यापूर्वी, ते लुगडे देवासमोर अर्पण होईल. पाटी धुऊन दारावर लावली. खुर्ची मात्र त्याला मागताच आली नाही. तिच्यावर पाय होता.

पौर्णिमेच्या सकाळी पुढच्या खोलीत पंचवीस-एक माणसे दाटीवाटीने बसली होती. मागाला फुले वाहिली होती. नरसव्वा पहाटेपासून खड्ड्यात होती. नऊच्या सुमारास तिने लुगडे कापले, गुंडाळी सोडवली, घडी घातली आणि वर चढून आली. जांभळे, तांबड्या किनारीचे. जुन्या विणकरांपैकी एकाने पुढे होऊन किनारीला हात लावला आणि मान हलवली. त्यांच्यात याच्यापेक्षा जास्त स्तुती करत नाहीत.

व्यंकय्याने ती घडी दोन्ही हातांवर घेतली, कपाळाला लावली, देवाच्या तसबिरीपुढे ठेवली आणि बोलायला उभा राहिला. स्त्रीशक्तीपासून त्याने सुरुवात केली. सीता, सावित्री यांच्यावरून तो संघाच्या स्थापनेकडे वळत होता तेव्हा नरसव्वाने खांद्यावर लाल पंचा टाकला. पंचवीस माणसे एका हालचालीत दुभंगली, ती मधून निघून गेली आणि माणसे पुन्हा मिटली. व्यंकय्या तिच्या रिकाम्या जागेकडे हात करून म्हणत राहिला, "अशी ही आपल्यासमोर अचल उभी असलेली माउली."

खड्डा राहिला. संघाची कचेरी मागच्या खोलीत, कांड्यांच्या टोपल्यांशेजारी थाटली गेली.

रथ फिरून आल्यावर ते लुगडे मी विकत घेतले. मोठेपणाची, समारंभांची मला पहिल्यापासून चेष्टा करायची सवय. पण ते लुगडे मी नेसले नाही. कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत तळाशी ठेवले आणि कोणी शहाणे पाहुणे आले की काढून दाखवून त्याची हकिगत सांगू लागले. दरवर्षी माझी हकिगत थोडी लांबत गेली. त्यात मृत्यूचे दारही आले.

चार वर्षांनी माझी बदली झाली. तोवर रोग परतला नव्हता. डॉक्टरीणबाई दर सहा महिन्यांनी तपासत आणि "अजून तरी ठीक" म्हणत. पाय जाडच राहिला, पोट चारांवर राहिले, पट्ट्या वेड्यावाकड्या होत राहिल्या. निरोप घ्यायला जायचे म्हणून मी ते लुगडे प्रथमच नेसले. जरा ओढाताण झाली. मला वाटले, मी जाड झाले.

खड्ड्यात बसलेल्या माणसाला, येणाऱ्याचे तोंड दिसण्याआधी पाय दिसतात. नरसव्वाने माग थांबवला.

"बाई, घोटे उघडे पडले तुमचे."

"अंगाने सुटले मी, नरसव्वा."

"तुमी न्हाय सुटला. लुगडं आखूड हाय. साडेआठ वार हाय ते."

मी निऱ्या खाली ओढून पाहिल्या.

"त्या दिशी सकाळपासनं पाचदा जाऊन आले होते," ती धोट्यातली कांडी बदलत म्हणाली. "त्यात व्यंकय्या फुलं घेऊन उभा. म्हनलं, आता अर्धा वार विणत बसले तर त्याचं भाषण सुरू व्हायच्या आत पोट धरवत न्हाय. कापून टाकलं."

"आणि कोणी मोजलं असतं तर?"

"देवाम्होरचं कोण मोजतंय?" तिने मान वर केली. केस पार पांढरे झाले होते. "आता गाडी चुकंल तुमची. निघा. मलाबी वीत पुरी करायची हाय."

मी दारापर्यंत जाऊन वळून पाहिले. खड्ड्यातून कमरेपासून वर तेवढी ती दिसत होती, शेजारी कोरीव पाठीची खुर्ची, आणि दोन हात जात-येत होते. तिने पाहिले नाही. माझ्या मागे पुन्हा फळ्या सुरू झाल्या.

घरी आले, सामान बांधायच्या आधी लुगडे सोडले आणि शाळेची गजाची पट्टी घेऊन जमिनीवर मोजले. सव्वाआठ भरले.